सैल शोधातून निसटलेलं पुस्तक

२०१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक पुस्तक दिसेनासं झालं. त्याची नोंद संगणकात शाबूत होती. शीर्षकाचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. तरी शीर्षक जसंच्या तसं टाइप केलं की शोधाच्या निकालात ते येईना. वॉल्टर एव्हरेट यांचं, १९९९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेलं ते पुस्तक. नाव ‘द बीटल्स ॲज म्युझिशियन्स : रिव्हॉल्व्हर थ्रू द अँथॉलॉजी’.

हे उघडकीला आलं ते चाचण्यांमुळे. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी चाचण्या लिहून ठेवल्या होत्या. अमुक शोध टाकला की तमुक पुस्तक आलंच पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांची शोधयंत्रणा ‘सोलर’ या मुक्त सॉफ्टवेअरवर चाले आणि तेव्हा तिचं व्हर्जन १.४वरून ३.५वर नेण्याचं काम सुरू होतं. (मधले आकडे गाळले गेले, कारण २०१०मध्ये सोलर आणि त्याच्या पोटात चालणारं ‘ल्यूसीन’ यांचं काम एकत्र झालं आणि दोघांचे व्हर्जन क्रमांकही जुळवले गेले.) जुन्या व्हर्जनवर या पुस्तकाची चाचणी पास होत होती. नव्यावर नापास.

ल्यूसीन डग कटिंग यांनी १९९९मध्ये लिहिलं. आज विकिपीडियाच्या शोधापासून असंख्य ग्रंथालयं, वर्तमानपत्रं आणि दुकानांपर्यंत जिथे जिथे शोधाची खिडकी दिसते, त्यातल्या फार मोठ्या भागाच्या तळाशी हेच यंत्र आहे. त्यामुळे त्यात एक पुस्तक निसटतं याचा अर्थ जगभर किती काय निसटत असेल याला गणती नाही. आणि निसटलेलं कुणाला कळतही नाही. चुकीचा निकाल समोर आला तर माणूस तक्रार करतो. जो निकाल आलाच नाही, त्याची तक्रार कोण करणार? वाचक समजतो, पुस्तक नसेल इथे, आणि निघून जातो. शोधाच्या दुनियेतला हा सर्वांत घातक दोष, असं माझं ठाम मत आहे.

अशा प्रकरणात पहिला संशय शब्द तोडणाऱ्या भागावर जातो. मजकूर आत घेताना यंत्र त्याचे शब्द सुटे करतं आणि प्रत्येक शब्दाला जागेचा क्रमांक देतं. या शीर्षकात तर संशयाला जागाही होती. ग्रंथालयीन नोंदींत मुख्य शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये अपूर्णविराम येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची पद्धत आहे. केवळ मोकळ्या जागेवर शब्द तोडणारं यंत्र त्या दोन टिंबांनाच एक शब्द समजतं. पुढची गाळणी ती टिंबं काढून टाकते, पण त्यांचा क्रमांक रिकामा राहतो. मजकुराच्या बाजूला असा खड्डा पडला आणि प्रश्नाच्या बाजूला पडला नाही, की शब्द जागेवर असूनही जुळत नाहीत. हे नेहमीचं दुखणं आहे आणि शोधयंत्रणा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी निस्तरलेलं असतं.

पण या वेळी लक्षणं उलटी होती. शब्द एकामागोमाग अगदी तसेच हवेत, असा कडक शोध घेतला की पुस्तक सापडत होतं. शब्दांमध्ये थोडी सूट दिली, म्हणजे मध्ये एखाददुसरा शब्द आला तरी चालेल असं सांगितलं, की ते गायब. खड्ड्याने कडक शोध आधी मोडला असता. इथे कडक शाबूत होता आणि सैल मोडला होता. इथेच शब्द तोडणारा भाग निर्दोष सुटला आणि तपास ल्यूसीनच्या गाभ्याकडे वळला. गुन्हेगार त्या भागात होता, जो अंदाजी वाक्यांश जुळवतो.

हे काम कसं चालतं ते एकदा जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. या सुटीला ल्यूसीनमध्ये ‘स्लॉप’ म्हणतात. आपल्याकडच्या जलसंधारणाच्या मोहिमेतली घोषणा घ्या: ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. प्रश्नातल्या शब्दांना ०, १, २, ३ असे क्रमांक पडतात. आता मजकूर समजा असा आहे: ‘शेतात पाणी अडवा आणि मग पाणी जिरवा’. इथे शेतात ०, पाणी १, अडवा २, आणि ३, मग ४, पाणी ५, जिरवा ६. यंत्र काय करतं, तर मजकुरातल्या क्रमांकातून प्रश्नातला क्रमांक वजा करतं. पहिलं पाणी: १ वजा ०, म्हणजे १. अडवा: २ वजा १, म्हणजे १. दुसरं पाणी: ५ वजा २, म्हणजे ३. जिरवा: ६ वजा ३, म्हणजे ३. सगळे आकडे सारखे आले तर वाक्यांश तंतोतंत जुळला. इथे सर्वांत मोठा ३ आणि सर्वांत लहान १, फरक २. म्हणजे सूट दोन किंवा जास्त असेल तर हा मजकूर सापडायला हवा. ही कल्पना किती सुंदर आहे! शब्द पुढेमागे झाले, मध्ये कुणी घुसलं, दोन शब्दांची अदलाबदल झाली, या सगळ्याचं माप एका वजाबाकीत येतं. शेजारच्या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर फरक दोन येतो, म्हणून उलटा क्रम पकडायचा असेल तर सूट किमान दोन लागते. एक देऊन निकाल येत नाही म्हणून डोकं धरून बसलेले अनेक जण या एका वाक्याने सुटतात.

आता दुसरा मजकूर घ्या: ‘पाणी अडवा आणि जिरवा’. यात पाणी एकदाच आहे. यंत्राची कल्पना करा, की प्रश्नातल्या प्रत्येक शब्दासाठी त्याचं एकेक बोट मजकुरावर आहे. पहिल्या पाण्याचं बोट शून्यावर, अडवाचं एकवर, जिरवाचं तीनवर. आणि दुसऱ्या पाण्याचं? मजकुरात दुसरं पाणी नाही, तेव्हा तेही बोट त्याच शून्यावर येऊन बसतं. वजाबाक्या करा: ०, ०, उणे २, ०. फरक पुन्हा दोन! पहिला मजकूर खरा आणि हा खोटा, पण दोघांचं माप एकच. एकाच शब्दावर दोन बोटं टेकल्याने यंत्र फसलं.

हा दोष ल्यूसीनमध्ये खरोखर होता आणि २००६-०७च्या सुमारास तो पकडलाही गेला होता. ती तक्रार सुट्या अक्षरांच्या उदाहरणाने नोंदलेली आहे. मजकुरात बी एकदाच असूनही सूट दिली की ‘बी सी बी’ हा वाक्यांश त्यात सापडतो. उपाय साहजिक होता. वाक्यांशात एखादा शब्द दोनदा आला असेल तर त्याची दोन बोटं एका जागी टेकू द्यायची नाहीत. टक्कर झाली की एकाला पुढे ढकलायचं.

एकाला, पण कोणत्या? बीटल्सच्या पुस्तकाचं भवितव्य या प्रश्नावर टांगलेलं होतं. त्या शीर्षकाकडे पुन्हा पाहा. ‘द बीटल्स… थ्रू द अँथॉलॉजी’. ‘द’ दोनदा येतो.

चुकीचं बोट हलवलं तर काय होतं, हे आपल्याच घोषणेवर करून पाहता येतं. या वेळी मजकूर तंतोतंत तोच घेऊ: ‘पाणी अडवा पाणी जिरवा’. पाणी ० आणि २ या जागांवर आहे. सूट दोन. सुरुवातीला दोन्ही पाण्यांची बोटं शून्यावर, टक्कर. दुसऱ्या पाण्याचं बोट पुढे ढकललं तर ते दोनवर जातं, दोन वजा दोन शून्य, सगळे आकडे शून्य, जुळलं. पण पहिल्या पाण्याचं बोट ढकललं तर? ते दोनवर, त्याचा आकडा २. दुसऱ्याचं शून्यावरच, त्याचा आकडा उणे २. फरक चार, सुटीबाहेर. मग यंत्र नियमाप्रमाणे सर्वांत मागचं बोट हलवतं, म्हणजे दुसऱ्या पाण्याचं. तेही दोनवर येतं आणि पुन्हा टक्कर. आता एकाला पुढे सरकायचंय, पण मजकुरात पुढे पाणीच नाही. बोट मजकुराबाहेर गेलं आणि यंत्राने निकाल दिला: या मजकुरात हा वाक्यांश नाही. जो मजकूर शब्दशः तोच आहे, त्याच्याबद्दल!

मागे का फिरत नाही ते? कारण बोटं मागे नेता येतच नाहीत. कोट्यवधी नोंदींतून क्षणात उत्तर द्यायचं, तर प्रत्येक शब्दाच्या जागांची यादी एकदाच, पुढच्या दिशेने वाचायची, हा या यंत्राचा पाया आहे. वेग त्यातून येतो. आणि त्याच कारणाने एक चुकीचं पाऊल कायमचं ठरतं.

प्रत्यक्षातला दोष माझ्या चार शब्दांच्या उदाहरणापेक्षा बराच गुंतागुंतीचा होता. बोटं एका रांगेत लावलेली असतात, सर्वांत मागचं आधी. टक्कर सोडवताना एखादं बोट सरकलं की ती रांग बदलते. शब्द तीनदा आला असेल तर एक टक्कर सोडवताना दुसरी होते. समानार्थी शब्दांची सोय असेल तर प्रश्नातल्या एका जागेवर दोन शब्द असतात आणि त्यांतला एकच दुसऱ्या जागेशी सामाईक असतो. आधीच्याच वर्षी, २०११मध्ये, याच भागातून आणखी दोन तक्रारी आल्या होत्या. एकीत जुळणीचे गुण चक्क अनंत निघत होते. दुसरीत पुनरावृत्ती जास्त असलेल्या वाक्यांशांचे निकाल स्थिर राहत नव्हते. दोन्ही दुरुस्त झाल्या होत्या. प्रत्येक दुरुस्ती आपल्यापुरती बरोबर वाटत होती. तरी पुस्तक हरवलंच.

मला या शोधकथेतला सर्वांत मोठा क्षण वाटतो तो इथे. एक पुस्तक सापडेना म्हणून त्या एका पुस्तकापुरतं ठिगळ लावणं सोपं होतं. ल्यूसीनच्या मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला. असे किती मजकूर निसटत असतील आणि ते आपल्याला कसे कळतील? अडचण उघड आहे. लाखो मजकूर आणि हवे तसे वाक्यांश घेतले तर प्रत्येकाचं बरोबर उत्तर सांगणार कोण? ते उत्तर काढायचं यंत्र तर हेच, ज्याच्यावर संशय आहे.

त्यांनी बरोबर उत्तराचा नाद सोडला आणि दोन उत्तरांमधलं नातं धरलं. कडक शोधाला जे सापडतं ते सैल शोधाला सापडलंच पाहिजे. सूट दोन असताना जे सापडलं ते तीन असताना सापडलंच पाहिजे. वाक्यांशाला जे सापडलं ते ‘हे सगळे शब्द कुठेही असोत’ या शोधाला सापडलंच पाहिजे. अट सैल केल्यावर निकाल वाढतील किंवा तेवढेच राहतील, कमी होणार नाहीत. यातल्या कुठल्याही विधानासाठी बीटल्स माहीत असायची गरज नाही, इंग्रजीसुद्धा यायची गरज नाही.

मग यंत्रालाच कामाला लावलं. एकेका अक्षराचे शब्द यदृच्छेने जुळवून मजकूर तयार करायचे, तसेच वाक्यांश बनवायचे, दोन्ही शोध चालवायचे आणि कडक शोधाचा प्रत्येक निकाल सैल शोधात आहे का ते तपासायचं. अक्षरं मोजकीच असल्यामुळे पुनरावृत्ती पावलोपावली येते, म्हणजे दोष जिथे दडला होता ती जागा पुन्हा पुन्हा ढवळली जाते. एक अक्षर तर मुद्दाम गाळून टाकायचं, म्हणजे ते रिकामे खड्डेही पडतात. अशा चाचणीने ‘सैल शोध कधी कधी कडक शोधाला सापडलेले मजकूर सोडून देतो’ हे पुराव्यानिशी उभं केलं. स्टॅनफर्डच्या कॅटलॉगची, त्याच्या मांडणीची, अपूर्णविरामाची काहीही गरज उरली नाही.

दुरुस्तीत तो सगळा भाग नव्याने बांधला गेला. वाक्यांशातले पुनरावृत्तीचे शब्द आधीच ओळखून त्यांचे गट करायचे. मजकूर हातात आला की सुरुवातीलाच गटातलं प्रत्येक बोट वेगळ्या जागी बसवायचं. पुढे टक्कर झाली तर मागचं बोट सरकवायचं, आणि ते सरकलं की गटातल्या बाकीच्यांशी पुन्हा टक्कर होत नाही ना, हे बघूनच पुढे जायचं. एप्रिल २०१२मध्ये ल्यूसीनचं ३.६ व्हर्जन आलं ते ही दुरुस्ती घेऊन. चाचणी पास झाली.

दोष संपले का? नाहीत, आणि ते लपवलेलंही नाही, याचा मला फार आदर वाटतो. ल्यूसीनच्या या भागाच्या सोर्समध्ये स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे, की वेगासाठी आम्ही नेहमी सर्वांत मागचं बोट हलवतो, त्यामुळे जुळणीच्या सगळ्या शक्यता तपासल्या जातीलच असं नाही. उदाहरणही दिलं आहे. ‘ए बी सी बी ए’ या मजकुराला सूट चार ठेवून ‘ए बी सी’ आणि ‘सी बी ए’ हे वाक्यांश विचारले तर गुण वेगवेगळे येतात, वास्तविक दोन्ही बाजू सारख्याच आहेत. पुढे २०१८मध्ये ल्यूसीनने ‘इंटरव्हल्स’ नावाचा वेगळा शोध आणला, मिलान विद्यापीठाचे पाओलो बोल्दी आणि सेबास्तियानो व्हिन्या यांच्या गणितावर आधारलेला. जुना स्लॉपही आहेच.

हे सगळं मराठीत सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडेही जुने अंक, कोश, गॅझेटिअर, कायदे युनिकोडमध्ये येत आहेत, त्यांच्यावर शोधाच्या खिडक्या बसत आहेत, आणि त्यांच्या तळाशी बहुधा हेच यंत्र आहे. आपल्याकडे वाक्यांश निसटण्याची कारणं आणखी वेगळी आहेत. ‘दुसऱ्या दिवशी’ हे दोन शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. कुणी युनिकोडमधलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. इथे सूट दहा द्या की शंभर, उपयोग शून्य, कारण सूट शब्दांच्या जागा मोजते, अक्षरांकडे बघत नाही. तसंच ‘पाण्याचं’ आणि ‘पाणी’. तसंच १९६२च्या लेखननियमांआधीचं ‘त्यानें’ आणि आजचं ‘त्याने’. वाक्यांश सापडत नाही म्हणून सूट वाढवत बसण्यापेक्षा यंत्राने मजकुराचे शब्द कसे पाडले ते आधी डोळ्यांनी बघावं. सोलरमध्ये त्यासाठी ‘ॲनालिसिस’चं पान असतं, ‘इलॅस्टिकसर्च’ या ल्यूसीनवरच चालणाऱ्या दुसऱ्या शोधयंत्रणेत तशी वेगळी आज्ञा आहे. बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी तयार गाळणी आहे, मराठीसाठी स्वतंत्र नाही. म्हणून अनेक जण मराठी मजकुराला हिंदीची गाळणी लावतात. ती अदृश्य जोडचिन्ह काढते, ‘ऱ’चा ‘र’ करते, हलन्त पुसते, दीर्घाचं ऱ्हस्व करते. त्यामुळे ‘दुसऱ्या’ची दोन्ही रूपं एक होतात, हा फायदा खरा. पण त्याच फटक्यात ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ एक होतात. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ही. हिंदीला ‘ऱ्य’चा हा भेद सांभाळायचा नसतो, मराठीला असतो. ही गाळणी मराठीची व्हायला हवी आणि ती मराठी जाणणाऱ्यानेच लिहायला हवी.

तेव्हा मराठी संग्रहाची शोधयंत्रणा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आपल्या संग्रहातले हजारभर वाक्यांश यदृच्छेने उचला, पुनरावृत्तीचे मुद्दाम घ्या: ‘वेळोवेळी’सारखे जोडशब्द नकोत, ‘पाणी अडवा पाणी जिरवा’सारखे सुटे हवेत. प्रत्येक वाक्यांश आधी कडक, मग सूट देऊन, मग गाळणी लावून शोधा, आणि आधी सापडलेला एकही मजकूर पुढच्या पायरीवर गळत असेल तर थांबा. तो मजकूर, तो वाक्यांश आणि व्हर्जनचा क्रमांक एवढं लिहून ल्यूसीनच्या तक्रारवहीत नोंदवा. ती वही सगळ्यांना खुली आहे.